दैन्य, अपरिग्रह आणि सलोखा : टिळक दांपत्याच्या साहित्यातील ख्रिस्ती जीवनादर्शाची परीक्षा

१

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) आणि लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या साहित्याचा विचार मराठी समीक्षेत बहुधा दोन वेगळ्या दालनांत झालेला आहे. टिळकांचा विचार 'फुलामुलांचे कवी' आणि ख्रिस्ती भक्तिकवी म्हणून होतो, तर लक्ष्मीबाईंचा विचार 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राच्या लेखिका म्हणून होतो. पहिल्या दालनात भक्तीची चर्चा होते, दुसऱ्यात विनोदाची, स्त्रीजीवनाची आणि भाषेच्या सहजतेची. या विभागणीमुळे एक महत्त्वाचा प्रश्न दोन्हींच्या मधल्या जागेत राहून जातो. टिळकांनी ज्या ख्रिस्ती मूल्यांचा काव्यातून पुरस्कार केला आणि आयुष्याच्या अखेरीस ज्यांना संस्थेचे रूप देण्याचा प्रयत्न केला, त्या मूल्यांची किंमत प्रत्यक्षात कोणी, किती आणि कशी मोजली, हा तो प्रश्न होय.

ही मूल्ये मुख्यतः तीन आहेत : नम्रता, स्वेच्छेने स्वीकारलेले दारिद्र्य आणि माणसामाणसांत सलोखा घडवून आणण्याचे कार्य. ख्रिस्ती परंपरेत ही तीन सुटी मूल्ये नाहीत; ती एकाच वृत्तीची तीन अंगे मानली जातात. प्रस्तुत लेखात प्रथम या त्रयीचे मूळ स्वरूप स्पष्ट करून, नंतर ती मराठीत येताना तिच्याशी कोणते देशी अर्थ जोडले गेले हे पाहावयाचे आहे. त्यानंतर टिळकांचा 'देवाचा दरबार' आणि लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' यांना एकमेकांसमोर ठेवून या त्रयीची परीक्षा करावयाची आहे.

२

या तिन्ही मूल्यांचा आधार मत्तयाच्या शुभवर्तमानातील पाचव्या ते सातव्या अध्यायांत येणारे गिरिप्रवचन हा आहे. त्याच्या आरंभी येणाऱ्या धन्योद्गारांत दीन, सौम्य आणि शांती करणारे अशा तिघांनाही धन्य म्हटले आहे. या तीन संज्ञांचे मूळ अर्थ लक्षात घेतल्याशिवाय पुढील चर्चा नेमकी होणार नाही.

'दीन' या शब्दाच्या जागी मूळ ग्रीकमध्ये 'प्तोखोस' हा शब्द आहे. ग्रीक भाषेत कष्ट करून कसेबसे पोट भरणाऱ्या गरिबासाठी 'पेनेस' असा वेगळा शब्द होता. 'प्तोखोस' म्हणजे त्याच्याही खालचा, दुसऱ्याच्या दारात अंग चोरून उभा राहणारा, भिकेवर जगणारा माणूस. लूकच्या शुभवर्तमानात (६:२०) हा शब्द कोणत्याही विशेषणाशिवाय येतो. तेथे धन्य म्हटलेला माणूस हा खरोखरीचा गरीब आहे. मत्तय मात्र त्याला 'आत्म्याने' अशी जोड देतो. या एका शब्दाच्या फरकाने ख्रिस्ती विचाराच्या इतिहासात मोठा वाद निर्माण केला. दारिद्र्य ही आर्थिक अवस्था आहे की मनाची? धनिकाने धन न सोडता 'आत्म्याने दीन' होणे शक्य आहे काय?

या वादाच्या मुळाशी असलेली हिब्रू पार्श्वभूमी त्याचे काहीसे समाधान करते. जुन्या करारातील 'अनावीम' या शब्दात गरीब, पीडित आणि नम्र असे अर्थ एकत्र नांदतात. सत्ताधाऱ्यांपुढे ज्यांचे काही चालत नाही आणि म्हणून ज्यांचा भरवसा देवावर आहे, ते 'अनावीम'. सदतिसाव्या स्तोत्रातील हाच शब्द ग्रीक भाषांतरात 'सौम्य' असा होऊन मत्तयाच्या तिसऱ्या धन्योद्गारात उतरला आहे. म्हणजे 'दीन' आणि 'सौम्य' ही दोन वचने एकाच हिब्रू कल्पनेच्या दोन बाजू आहेत. नम्रता हा केवळ स्वभावगुण नसून तो समाजाच्या उतरंडीतील एका जागेशी बांधलेला आहे, हे यावरून दिसते.

तिसरी संज्ञा 'शांती करणारे' ही होय. तिच्यामागील 'एइरेनोपोइओस' हा ग्रीक शब्द नव्या करारात फक्त एकदाच, याच ठिकाणी येतो. ग्रीक-रोमन जगात तो सत्ताधीशांच्या गौरवासाठीही वापरला गेलेला आहे. शस्त्रबळाने प्रदेश शांत करणाऱ्याची ही पदवी गिरिप्रवचनात ज्याच्या हाती काहीच नाही अशा माणसाकडे आली. येथे 'शांती' याचा अर्थ मनाची निवांत अवस्था असा नाही. हिब्रू 'शालोम' या शब्दात नाते पूर्ववत होणे, व्यवहार न्यायाचा होणे, समाज एकसंध होणे असे अर्थ आहेत. मराठीत 'शांती' या शब्दाला अध्यात्मातील चित्तशांतीचा गडद रंग असल्यामुळे या वचनाचा सामाजिक अर्थ पुष्कळदा मागे पडतो. 'सलोखा' हा व्यवहारातील शब्द त्या अर्थाच्या अधिक जवळ जातो.

या तिघांना जोडणारा दुवा पौलाच्या फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात (२:५–११) सापडतो. ख्रिस्ताने देवस्वरूप असूनही स्वतःला रिक्त केले आणि दासाचे रूप घेतले, हा तेथील विचार. या आत्मरिक्ततेला ख्रिस्ती धर्मशास्त्रात 'केनोसिस' म्हणतात. वरच्या जागेवरील व्यक्ती स्वतःहून खाली येते तेव्हाच दुरावलेल्या दोन पक्षांत सलोखा शक्य होतो, अशी या विचाराची मांडणी आहे. नम्रता ही वृत्ती, दारिद्र्य ही तिची दृश्य खूण आणि सलोखा हे तिचे फळ, असा हा क्रम आहे.

३

या त्रयीचे सर्वांत ठळक ऐतिहासिक उदाहरण म्हणजे असिसीचा संत फ्रान्सिस (मृत्यू १२२६). कापडाच्या श्रीमंत व्यापाऱ्याच्या या मुलाने १२०६ च्या सुमारास असिसीच्या बिशपांसमोर अंगावरचे कपडेसुद्धा वडिलांना परत करून वारसा सोडला. आपल्या अनुयायांना त्याने 'लहान भाऊ' असे नाव दिले. या नावात धार्मिक विनय आहे आणि सामाजिक निवडही आहे. कारण त्या काळी नगरातील थोरले आणि धाकटे असे दोन वर्ग परस्परांशी झगडत होते. १२१९ मध्ये धर्मयुद्ध चालू असताना तो इजिप्तमध्ये दामिएत्ता येथे सुलतान अल-कामिल याला निःशस्त्र भेटला. मृत्यूपूर्वी असिसीचे बिशप आणि नगराधिकारी यांच्यातील वैर मिटावे म्हणून त्याने आपल्या सृष्टिस्तोत्रात क्षमा करणाऱ्यांविषयीचे कडवे घातले, असे त्याच्या सहकाऱ्यांच्या आठवणींत नमूद आहे. काव्यरचना हेच येथे सलोख्याचे साधन झाले. फ्रान्सिसच्या नावावर आज सर्वत्र म्हटली जाणारी शांतीची प्रार्थना मात्र त्याची नाही. ती प्रथम १९१२ मध्ये एका फ्रेंच नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

फ्रान्सिसइतकेच क्लारा (मृत्यू १२५३) या त्याच्या सहकारिणीचे उदाहरण प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. मठाला मालमत्ता असावी, म्हणजे भगिनींच्या निर्वाहाची चिंता राहणार नाही, असे वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांचे म्हणणे होते. क्लाराने मालमत्ता न बाळगण्याचा हक्क अनेक वर्षे मागितला आणि त्या तत्त्वावर आधारलेली तिची स्वतःची नियमावली पोपने तिच्या मृत्यूच्या दोन दिवस आधी मान्य केली. दारिद्र्य हा येथे एका स्त्रीने स्वतःसाठी मागून घेतलेला अधिकार आहे. स्वेच्छादारिद्र्यातील 'स्वेच्छा' या शब्दाचा पूर्ण अर्थ या उदाहरणात दिसतो. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आलेल्या दारिद्र्याशी त्याची तुलना पुढे करावयाची आहे.

४

ही मूल्ये मराठीत आली तेव्हा मराठीत त्यांच्यासाठी शब्द नव्हते असे नाही. उलट शब्द फार होते. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अमानित्व, अदंभित्व, अहिंसा, क्षांती या ज्ञानलक्षणांचा जो विस्तार आहे, तो मराठीतील नम्रतेचे सर्वांत सूक्ष्म विवेचन म्हणावा लागेल. वारकरी संतांनी दैन्य, लीनता, अकिंचनता ही भक्ताची भूषणे मानली. तुकारामांनी वडिलोपार्जित सावकारीतील आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, ही परंपरेने सांगितलेली हकीकत स्वेच्छादारिद्र्याचा मराठी मनावर ठसलेला आदर्श आहे. या हकिकतीतील एक तपशील विसरता येत नाही. तुकारामांनी खतांची निम्मी वाटणी धाकट्या भावाला, कान्होबाला, आधी दिली आणि फक्त आपला वाटा बुडवला. आपला त्याग दुसऱ्यावर लादू नये, हे भान त्यात आहे.

ख्रिस्ती आशय या शब्दसंपत्तीत प्रथम मोठ्या प्रमाणावर आणला तो फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांनी. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. ओवीछंद, पुराणाची निवेदनरीती आणि 'वैकुंठ' यासारखे शब्द वापरून त्यांनी ख्रिस्तकथा सांगितली. स्टीफन्स स्वतः दारिद्र्याचे व्रत घेतलेले होते. परंतु ज्या साष्टी प्रांतात हे काव्य रचले गेले, त्याच प्रांतातील कुंकळ्ळी येथे १५८३ मध्ये गावकऱ्यांच्या हल्ल्यात पाच जेझुइट मारले गेले आणि त्यानंतर पोर्तुगीज सत्तेने गावातील प्रमुखांना ठार केले. एखादा धर्मोपदेशक व्यक्तिशः अकिंचन आणि नम्र असला, तरी त्याच्या पाठीशी सत्ता उभी असेल तर त्याची नम्रता समोरच्याला नम्रता म्हणून दिसत नाही. व्यक्तिगत दैन्य आणि संस्थात्मक सामर्थ्य यांच्यातील ही विसंगती तीनशे वर्षांनंतर, वेगळ्या स्वरूपात, टिळकांच्या समोर उभी राहिली.

५

टिळकांचा ख्रिस्ताशी परिचय गिरिप्रवचनाच्या द्वारेच झाला. १८९३ च्या सुमारास रेल्वेच्या प्रवासात भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि मत्तयाच्या त्या तीन अध्यायांनी त्यांना जिंकले, अशी हकीकत त्यांच्या चरित्रात येते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढील दोन दशकांहून अधिक काळ अहमदनगर हे त्यांचे मुख्य कार्यक्षेत्र राहिले आणि अमेरिकन मराठी मिशन ही त्यांची संस्था. 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन, भजने व कीर्तने यांच्याद्वारे उपासनेला दिलेले देशी रूप आणि 'अभंगांजली'तील रचना हे त्यांचे कार्य सर्वपरिचित आहे. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची स्वतःची भूमिका होती.

या भूमिकेचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. टिळकांच्या भक्तिपर रचनांतील दैन्यभाव वारकरी परंपरेतील दैन्यभावाशी इतका मिळता आहे की त्यातील ख्रिस्ती विशेष चटकन जाणवत नाही. दोन्हींत भक्त स्वतःला लहान म्हणवतो. फरक आहे तो देवाच्या स्थानात. टिळकांच्या अभंगांत भक्ताच्या आधी देव लहान झालेला आहे. भक्ताची नम्रता ही त्या देवाचे अनुकरण आहे. पौलाची 'आत्मरिक्तते'ची कल्पना येथे अभंगाच्या भाषेत उतरते. विठ्ठल भक्तासाठी दळतो-कांडतो, मडकी घडू लागतो, अशा संतकथांनी तयार केलेल्या मराठी मनाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नव्हते. तुकारामांचा पूल म्हणजे हाच.

परंतु कवितेत लहान होणे आणि मिशनचा पगारी सेवक असणे यांत एक ताण होता. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदी ख्रिस्ती कार्यकर्त्यांचा निर्वाह बव्हंशी परदेशी निधीवर चालत असे. 'पोटासाठी बाटला' हा आरोप समाजात सहज केला जाई. उपदेशकाने त्यागाचे कितीही गुणगान केले तरी महिन्याच्या वेतनाने ते संशयास्पद होई. दुसरीकडे, वेतन देणारा आणि घेणारा या नात्यामुळे परदेशी मिशनरी आणि देशी ख्रिस्ती यांच्यात बंधुत्वापेक्षा वरिष्ठ-कनिष्ठ असा भाव येई. म्हणजे पैशाचा हा एकच प्रश्न दोन दिशांनी सलोख्याच्या आड येत होता : ख्रिस्ती आणि हिंदू यांच्यात, तसेच ख्रिस्ती आणि ख्रिस्ती यांच्यातही.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनचे वेतन सोडले, स्वतःला ख्रिस्ती संन्यासी म्हणवले आणि 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. साताऱ्यास राहून त्यांनी तिला आकार देण्याचा प्रयत्न केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तानुयायांना सामावून घेणारे ते एक बंधुमंडळ असावयाचे होते. या योजनेकडे केवळ देशीकरणाचा प्रयोग म्हणून पाहणे अपुरे आहे. तिच्यात गिरिप्रवचनातील त्रयीचा क्रम स्पष्ट दिसतो. उपदेशकाचा अधिकार सोडणे ही नम्रता, वेतन सोडणे हे स्वेच्छादारिद्र्य आणि चर्चच्या उंबरठ्यावरची बाप्तिस्म्याची भिंत सर्वांना न अडवील अशी करणे हा सलोखा. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे मुंबईत निधन झाले आणि दरबार संस्था म्हणून स्थिरावण्यापूर्वीच थांबला. दोन वर्षांपेक्षा कमी काळ मिळालेल्या या प्रयोगाच्या यशापयशाचा हिशोब मांडण्यात फारसा अर्थ नाही. त्याच्यामागील विचार तपासणे मात्र शक्य आहे आणि तो तपासण्याचे सर्वांत विश्वसनीय साधन टिळकांच्या घरातच निर्माण झाले.

६

'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाली. औपचारिक शिक्षण न मिळालेल्या लक्ष्मीबाईंनी टिळकांबरोबरच्या संसाराची ही कहाणी सांगितली. हा ग्रंथ धर्मग्रंथ नाही, त्यात धर्मतत्त्वांची चर्चाही फारशी नाही. तरीही स्वेच्छादारिद्र्याच्या चर्चेत त्याचे स्थान अनन्य आहे. कारण तो त्यागी पुरुषाच्या पत्नीने लिहिलेला आहे.

त्यागाचे साहित्य बहुधा त्यागी पुरुषांचे किंवा त्यांच्या भक्तांचे असते. तुकारामांची पत्नी जिजाई हिचे उदाहरण येथे अपरिहार्यपणे आठवते. परंपरेने तिला कजाग, संसारी, विठ्ठलाला दूषणे देणारी अशा रूपात रंगवले. तिचे म्हणणे आपल्यापर्यंत येते ते तुकारामांच्या अभंगांतून आणि चरित्रकारांच्या आख्यानांतून. तिचा स्वतःचा एक शब्दही उपलब्ध नाही. कर्जखते बुडवताना तुकारामांनी भावाचा वाटा वेगळा काढला, परंतु पत्नीचा वाटा वेगळा काढता येण्यासारखा नव्हता. घरातील धान्य कोठून येणार, हा प्रश्न तिच्याच वाट्याला राहिला. लक्ष्मीबाईंच्या रूपाने, जिजाईच्या जागेवर असलेल्या स्त्रीने मराठीत प्रथमच एवढ्या विस्ताराने स्वतःची बाजू सांगितली, असे म्हणण्यास हरकत नाही.

ही बाजू तक्रारीची नाही, हे तिचे वैशिष्ट्य. टिळकांची देण्याची हौस, पैशाबाबतची बेफिकिरी, घरात कोणालाही आणून ठेवण्याची सवय, तापट स्वभाव आणि लगेच होणारा पश्चात्ताप हे सारे 'स्मृतिचित्रे'त येते. त्र्यंबक बापूजी ठोंबरे म्हणजे बालकवी यांच्यासारखा तरुण कवी या घरात मुलासारखा राहिला, त्यामागे ही सवयच होती. टिळकांच्या बाजूने पाहिले तर हे अपरिग्रहाचे आचरण होते. लक्ष्मीबाईंच्या बाजूने पाहिले तर आलेला पैसा राहत नाही आणि येणारे माणूस जात नाही, अशी ती रोजची अडचण होती. लेखिका या दोन्ही बाजू एकाच प्रसंगात एकाच वेळी दिसू देते. टिळकांचे मोठेपण कमी होत नाही आणि त्याची झळही लपत नाही. वाचक हसतो, पण हसता हसता त्याला कळते की या त्यागाचा निर्णय एकाने घेतला आणि तो निभावला दोघांनी.

येथे क्लाराशी तुलना उद्बोधक ठरते. क्लाराने दारिद्र्य मागितले. लक्ष्मीबाईंना ते मिळाले. मग त्यांच्या बाबतीत 'स्वेच्छा' हा शब्द वापरता येईल काय? 'स्मृतिचित्रे'चे उत्तर असे दिसते की स्वेच्छा एकदाच आणि आरंभीच व्यक्त व्हावी लागते असे नाही. ती उशिरा, टप्प्याटप्प्याने येऊ शकते. मात्र ती आपोआप येत नाही, तिला वेळ आणि मोकळीक मिळावी लागते. लक्ष्मीबाईंच्या धर्मांतराची हकीकत हेच सांगते. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर त्या नातेवाइकांकडे राहिल्या. पुढे पतीच्या जवळ राहावयास आल्या तरी आपले आचारधर्म त्यांनी वेगळे सांभाळले. बाप्तिस्मा त्यांनी १९०० मध्ये, पतीनंतर पाच वर्षांनी घेतला. त्याआधी राहुरीच्या मुक्कामात जातिभेद माणसाने केलेला आहे, हे त्यांना स्वतःच्या विचाराने पटले होते. ज्या घरात वडिलांच्या कडकडीत सोवळ्यामुळे सर्वांचे जिणे अवघड झाले होते, त्या घरात वाढलेल्या स्त्रीच्या दृष्टीने हा पालट फार मोठा होता. तो बाहेरून लादला गेला असता तर टिकला नसता.

नम्रतेच्या दृष्टीनेही हा ग्रंथ वेगळा आहे. धर्मांतराच्या कथनांत पूर्वायुष्य अंधारमय आणि उत्तरायुष्य प्रकाशमय दाखवण्याची रीत असते. त्यात 'मी पापी होतो' असे म्हणतानाही 'मी'लाच मध्यवर्ती स्थान मिळते. लक्ष्मीबाई हा मार्ग घेत नाहीत. सोवळे पाळणारी स्वतः, त्याची चेष्टा करणारी स्वतः, पतीवर रागावणारी स्वतः, या सर्व रूपांकडे त्या सारख्याच मिस्कील ममतेने पाहतात. मागे सोडलेल्या समाजाविषयी त्यांच्या लेखणीत कडवटपणा नाही आणि स्वीकारलेल्या समाजाविषयी प्रचारकी गौरव नाही. अमानित्व म्हणजे मान नको असे म्हणणे नव्हे, मानाचा विचारच मनात न येणे होय. या अर्थाने 'स्मृतिचित्रे'ची निवेदनशैली हीच तिच्यातील नम्रता आहे.

याला जोडूनच 'ख्रिस्तायन'चा उल्लेख करावा लागेल. टिळकांनी आरंभलेले आणि अपुरे राहिलेले हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. १९३८ मध्ये ते प्रसिद्ध झाले तेव्हा त्यातील बहुतेक अध्याय त्यांचे होते. तरीही दीर्घकाळ ते टिळकांचे काव्य म्हणूनच अधिक ओळखले गेले. पतीचे काम पुरे करण्यात लक्ष्मीबाईंची नम्रता आहे यात शंका नाही. परंतु समीक्षेने त्या नम्रतेचा आधार घेऊन श्रेयाचा हिशोब टाळणे योग्य नाही. नम्रता हा नम्र व्यक्तीचा गुण असतो, इतरांची सोय नसते.

७

स्वेच्छादारिद्र्याच्या आदर्शावर याहून मूलगामी आक्षेप डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विचारातून येतो. 'बुद्ध आणि त्याच्या धर्माचे भवितव्य' या विषयावरील १९५० मधील इंग्रजी लेखात त्यांनी धर्माच्या कसोट्या सांगितल्या आहेत. धर्माने दारिद्र्याला पावित्र्य देऊ नये, ही त्यांतील एक कसोटी. ज्याच्यापाशी संपत्ती आहे त्याने ती सोडणे ही धन्य अवस्था असू शकेल, परंतु दारिद्र्य ही कधीच धन्य अवस्था नव्हे, असा त्यांचा आशय आहे.

टिळकांच्या संदर्भात हा आक्षेप केवळ तात्त्विक नाही. अहमदनगर जिल्ह्यातील ज्या ख्रिस्ती मंडळ्यांत टिळक वावरले, त्यांत महार व मांग समाजांतून आलेले लोक बहुसंख्य होते. १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांनी या लोकांना होरपळून काढले होते. त्यांचे दारिद्र्य निवडलेले नव्हते. ते जन्माने आणि समाजाने दिलेले होते. टिळकांनी वेतन सोडले तेव्हा ते सोडण्यासाठी त्यांच्यापाशी वेतन होते, नाव होते, ब्राह्मण कुळातील संस्कृत शिक्षणाने आलेली प्रतिष्ठा होती. ज्याच्यापाशी यांतले काहीच नाही त्याला 'दीन ते धन्य' ही शिकवण देणे म्हणजे त्याच्या अवस्थेवर शिक्कामोर्तब करणे ठरू शकते.

या आक्षेपाला उत्तर द्यावयाचे तर ते गिरिप्रवचनाच्या मूळ रचनेकडे परत जाऊन द्यावे लागेल. पौलाच्या विचारात रिक्त होतो तो वर असलेला. उतरण्याची अपेक्षा खाली दडपलेल्याकडून नाही. नम्रता हे सामर्थ्यवानाचे कर्तव्य आहे, दुर्बलाचे नव्हे. आणि स्वेच्छादारिद्र्याची सार्थकता अनिच्छेच्या दारिद्र्याविरुद्ध उभे राहण्यात आहे. या अर्थाने आंबेडकरांची कसोटी गिरिप्रवचनाला छेद देण्यापेक्षा त्याच्या चुकीच्या वापराला छेद देते. पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) उदाहरण येथे समर्पक आहे. त्यांनी स्वतः साधे जीवन पत्करले. पण केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळातून आणलेल्या मुलींना त्यांनी दारिद्र्याचे माहात्म्य शिकवले नाही, हातांना उद्योग आणि डोळ्यांना अक्षरे दिली. सामान्य स्त्रियांना समजेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर करण्याचा त्यांचा खटाटोपही याच वृत्तीचा होता. विदुषी म्हणून गाजलेल्या स्त्रीने आपली पंडिताऊ भाषा बाजूला ठेवणे हा भाषेतील अपरिग्रहच म्हणावा लागेल.

८

सलोख्याच्या मूल्याचा विचार शेवटी करावयाचा, कारण तो आधीच्या दोहोंचे फळ आहे. टिळकांच्या काव्यात करुणा आहे. 'केवढे हे क्रौर्य!' ही पाखराच्या वधावरील कविता तिचे सर्वज्ञात उदाहरण. परंतु करुणा आणि सलोखा यांत अंतर आहे. करुणेला एकाचे दुःख पुरते, सलोख्याला दोन पक्ष लागतात. धर्मांतराने टिळकांच्या आयुष्यात असे पक्ष निर्माण केले होते : पती आणि पत्नी, सासर-माहेरची माणसे आणि ख्रिस्ती मंडळी, देशाभिमान आणि परदेशातून आलेला धर्मप्रसार. 'देवाचा दरबार' हा या सर्व पक्षांना एका छताखाली आणण्याचा जाहीर प्रयत्न होता. तो अपुरा राहिला.

त्याच कुटुंबातील खाजगी सलोखा मात्र 'स्मृतिचित्रे'च्या रूपाने पुरा झाला. ज्या समाजाने टिळकांच्या धर्मांतरानंतर दारे लावून घेतली, त्याच समाजातील वाचकांनी हे पुस्तक आपले मानले आणि मराठी गद्यात त्याला मानाचे स्थान दिले. यामागे लक्ष्मीबाईंनी कोणतीही तडजोड केलेली नाही. आपली श्रद्धा त्यांनी लपवली नाही. त्यांनी कोणालाही खोटे पाडण्यासाठी लिहिले नाही, एवढेच. शांती करणाऱ्याला दोन्ही पक्षांची भाषा यावी लागते. पंढरपूर आणि अहमदनगर या दोन्ही ठिकाणची भाषा लक्ष्मीबाईंना घरची होती.

९

या विवेचनातून काही निष्कर्ष हाती येतात. गिरिप्रवचनातील दैन्य, स्वेच्छादारिद्र्य आणि सलोखा ही त्रयी मराठीत आली तेव्हा तिला संतपरंपरेने तयार केलेली भाषा मिळाली. त्यामुळे ती सहज रुजली आणि त्यामुळेच तिच्यातील सामाजिक धार काही प्रमाणात झाकलीही गेली. टिळकांनी १९१७ मध्ये ती धार पुन्हा पुढे आणली. वेतन आणि अधिकार यांचा प्रश्न त्यांनी सलोख्याच्या प्रश्नाशी जोडला. लक्ष्मीबाईंनी हा आदर्श नाकारला नाही, परंतु त्याची किंमत कोणाच्या पदरात पडते हे लिहून ठेवले. ही नोंद आदर्शाला कमीपणा आणणारी नसून त्याला विश्वसनीय करणारी आहे.

भक्तिसाहित्याच्या अभ्यासात त्यागाचे कथन नेहमी त्यागी व्यक्तीच्या दृष्टिकोणातून वाचण्याची सवय आहे. महाविद्यालयीन अध्यापनात 'अभंगांजली' आणि 'स्मृतिचित्रे' ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली गेली, तर ती सवय बदलू शकेल. प्रत्येक त्यागाच्या कथेत घर चालवणारी एक व्यक्ती असते. तिचा शब्द उपलब्ध असेल तेव्हा तो ऐकणे आणि जिजाईप्रमाणे उपलब्ध नसेल तेव्हा त्याच्या अभावाची नोंद घेणे, हा अशा वाचनाचा पहिला नियम असावयास हवा.